वजनावर घेतलेला माल

व्यापारी संघटनेचा कागद आलाय.
परदेशातून येणाऱ्या जुन्या संगणकांवर
बंदी हवी की नियमन?
दोन चौकोन. एकात फुली मारा,
शुक्रवारपर्यंत परत द्या.
खाली शिक्क्यासाठी जागा सोडली आहे,
कारणासाठी नाही.

वकीलवाडीत दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान.
पाटीवरच्या 'दुरुस्ती'तला दु गळून पडलाय,
'रुस्ती' वाचून लोक हसतात, तरी येतात.

काल न्हावाशेव्याहून कसारा चढून
चाळीस खोकी आली.
कागदावर होतं: वापरलेले, सुस्थितीत.
वापरलेले होते, त्यात खोटं काही नव्हतं.
नऊ सुरू झाले.
सहा, एकमेकांचे अवयव घालून, होतील.
उरलेले पंचवीस
मेलेलेच बोटीत चढले होते
आणि त्यांच्या तिरडीचं भाडं आपण भरलं.

जे सुरू होतात
ते सगळे आधी तारीख विचारतात.
आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो,
त्यांना वाटतं आज एक जानेवारी,
कुठल्यातरी जुन्या सालातली, रात्रीचे बारा.
मी भिंतीवरचं घड्याळ बघते आणि सांगते,
मंगळवार, साडेअकरा, नाशिक.

एकाच्या पोटाला चिठ्ठी चिकटलेली,
अक्षर तिरकं, भाषा मला न येणारी.
परवलीचा शब्द असेल,
किंवा दूध आणायची आठवण.
मी ती फेकत नाही. का, विचारू नका.

हर्षाली गांगुर्डे पेठहून एसटीने आली होती
चार हजार दोनशे घेऊन,
शंभराच्या नोटा, रबराने बांधलेल्या.
नव्याची किंमत तिने विचारलीच नाही.
पडदा उजव्या कोपऱ्यात पिवळा पडलाय, मी सांगितलं.
म्हणाली, मी डावीकडे लिहीन.
आता ती गावातल्यांचे वनपट्ट्याचे अर्ज भरते,
पानाला पाच रुपये,
ओळखीच्यांकडून तीन.
बंदीच्या चौकोनावर पेन नेलं
की ते रबर बोटाला लागतं.

दुसऱ्या चौकोनावर नेलं की इद्रिस खोकतो.

मेलेले मी त्याच्याकडेच पाठवते,
अठरा रुपये किलो. लिंक रोडच्या मागे शेड.
तो वायरी जाळून तांबं काढतो,
हिरव्या पट्ट्या ॲसिडात बुडवतो,
वाफेने जीभ गोड होते म्हणतो
आणि गोड म्हणताना थुंकतो.
उरलेलं पाणी नासर्डीत.
तिचं नाव आता नंदिनी आहे,
पण ते तिला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

त्यालाच विचारलं, कुठे फुली मारू?
म्हणाला, ताई, बंदीने माल थांबत नाही,
रात्री येतो.
आणि नियम?
नियम दिवसा येतो, चहा पितो, जातो.

त्याच्या शेडच्या कोपऱ्यात
सातपूरच्या कारखान्यांचे, इथल्याच बँकांचे संगणक होते,
पाठीवर आपल्याच मराठीत लिहिलेलं: रोखपाल क्र. ३.
हे काही बोटीने आले नव्हते.
यांना कुठल्या बंदरात अडवायचं?

मी कागद उलटा केला. पाठ कोरी होती.
लिहिलं:
येऊ द्या, पण तिथे चालू करून दाखवा, मग चढवा.
बंद पडलेलं ज्याचं त्याने सांभाळावं.
इद्रिसला धुराडं, हातमोजे, आणि महिन्याच्या महिन्याला पगार.
मी त्याच्याकडून अठरा घेते, ते बंद,
उलट मेल्याच्या दर किलोमागे
मीच त्याला द्यावेत रुपये

किती, ते लिहिताना पेन थांबलं.
दुकानाचं भाडं आठवलं.

शुक्रवारी शिपाई येईल,
म्हणेल, मॅडम, फुली राहिली.

सहातला एक आत्ता चालू झालाय,
दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची मेमरी घालून.
पांढऱ्या अक्षरांत विचारतोय, आज तारीख काय.
मी अजून सांगितलेली नाही.