थांबण्याची वेळ

लेसिथिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं,
मग क्लोरोफॉर्म उडवून लावला.
गोल चंबूच्या बुडाशी उरला
सायीहूनही पातळ पापुद्रा.
त्यावर कोमट बफर, आणि हलवत राहायचं.
पापुद्रा सुटतो, स्वतःभोवतीच मिटतो,
कणभर पाणी आत कोंडून घेतो.
वहीत मी लिहिते लायपोसोम.
अम्मा म्हणते, बुडबुडे.

गाळणीतून अकरा वेळा दाबून काढले,
अंगठ्यावर सिरिंजचा वळ.
दुधाळ होते ते निळसर दिसू लागले,
म्हणजे सगळे एका मापाचे झाले,
असं बिराजदार सर म्हणतात.

एप्रिल. केगावच्या माळावर त्रेचाळीस.
केसाएवढी काचेची नळी,
तिच्या दोन टोकांना वीस हजार व्होल्ट,
आणि बाहेर साधे दोनशे तीस टिकत नाहीत.
पहिला रन तिसऱ्या मिनिटाला मेला.

नमुना सतरा.
परवा रात्री हजार विड्या वळून झाल्यावर
अम्माची बोटं बीकरमध्ये बुडवून घेतली होती.
पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे,
तरी ती म्हणाली, घे की, वाटीभरच तर.
मग म्हणाली,
आता तूही तपासणार होय मला,
चेकरसारखी?

चेकर सुपातून मूठभर विड्या उचलतो,
बोटांनी दाबतो,
बाजूला टाकतो. छाट.
का, ते सांगत नाही.
पानही गेलं, तंबाखूही गेली, मजुरीही.

नळी सांगते.
ज्याला चरबीचा लळा नाही
तो सरळ निघून जातो.
ज्याला आहे तो बुडबुड्याशी थांबतो,
अंगाला चिकटतो, आत शिरतो, निघतो,
पुढचा बुडबुडा दिसला की पुन्हा थांबतो.
किती उशीर झाला
त्यावरून कळतं
कातडीतून तो किती सहज आत जाईल.

बुडबुड्यांशिवाय निकोटिन
चार मिनिटं दहा सेकंदांनी आलं.
बुडबुड्यांसह, सहा मिनिटं बारा.
मी तीनदा करून पाहिलं.
सगळ्यात शेवटी, कुणी न बोलावलेला,
एक बुटका, पसरट डोंगर.
सर चष्मा पुसून म्हणाले, हे काय?
मला बराच वेळ सुचेना.
हळद असणार.
त्या दिवशी आमटी तिनेच केली होती.

वहीत 'नमुना १७' एवढंच आहे.
नागमणी हे नाव कुठल्याच पानावर नाही.

संध्याकाळची बस, मग विडी घरकुलपर्यंत रिक्षा.
अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात पानं, पत्र्याभोवती फिरणारी कात्री.
न बघताच विचारलं,
किती निघालं?
म्हटलं, दोन मिनिटं दोन सेकंद
जास्त थांबतं ते, अम्मा,
तुझ्या हातावरचं.

दोनच मिनिटं?
आम्ही कारखान्याच्या दारात
दोन तास उभ्या असतो, सांग तुझ्या सरांना,
आणि दाताने दोरा तोडून
पुढचं पान घेतलं.