पंपघराची भिंत

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर जगले.
पणजीत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर,
लाल पेनानं
ऱ्हस्वाचं दीर्घ केलं,
नको तिथला अनुस्वार वेचला
तांदळातल्या खड्यासारखा.
मृत्यूच्या जाहिरातींत
'दुःखद'चा विसर्ग कधी गळू दिला नाही.

चुकून खोडलेल्या शब्दाखाली
ठिपके द्यायचे असतात. म्हणजे, राहू द्या.
ती खूण मला फारशी लागली नाही.

स्वतःची म्हणून एक ओळ लिहिली नाही.
कागदावर यायच्या आधीच
ती मला चुकलेली दिसायची.

आणि आता पार्से गावात
पंचायतीच्या पंपघरामागे
उदेश च्यारी, माझ्या भाच्याच्या वयाचा,
माझ्या हातात देतो
सायकलची तार ठोकून केलेलं हत्यार.
शिंपल्यांचा चुना, नदीची रेती, गुळाचं पाणी,
कित्येक दिवस कुजवलेलं, मळलेलं.
त्यावर कावेचा तांबडा हात,
गोट्यानं घासून घासून
गाभण गायीच्या पाठीसारखा तुकतुकीत.
"तांबडं काढलं की पांढरं दिसतं," तो म्हणाला,
"दुसरं काय ना."

भरायचं काही नाही, नुसतं काढायचं.
मला वाटलं,
हे तर मला येतं.

मोर काढायचा होता.
मान वळवतानाच हात सुटला,
हवं त्याहून दुप्पट पांढरं उघडं पडलं,
जाडजूड, निर्लज्ज.
मी मागे वळून विचारलं, पुसायला काय आहे?
त्यानं विडी कानामागे खोचली.
"पुसपाक मेळचें ना, बाय. फुडें चल.
दनपारां वण्टी फातर जातली."

दुपारी भिंत दगड होणार.
म्हणजे मला चार तास होते,
आणि एकही समास नव्हता.

मग कधीतरी
जीभ दातांत आली, लहानपणी यायची तशी.
खर्र, खर्र,
पिठासारखी काव पायांवर पडत होती.
अकराला पंप सुरू झाला, भिंत थरथरली,
माझी रेघही थरथरली,
तो कंप पंखात तसाच राहिला.
तसा कंप मुद्दाम काढ म्हटलं असतं
तर जन्मात जमला नसता.
कुणीतरी चहा ठेवून गेलं.
त्यात तांबडी साय धरली.

लुदीन मासळीची पाटी खाली टेकवून उभी राहिली.
बराच वेळ बघत होती.
मग म्हणाली, "कोंबी बरी जाल्या."
मोर आहे तो, असं मी सांगणार होते.
ओठांपर्यंत आलं होतं.
पण 'बरी' हा शब्द
तिनं इतका सरळ ठेवला होता
की त्यात मला काही सुधारावंसं वाटलं नाही.
बांगडे मात्र घेतले, गरज नसताना, सहा.

रात्री अंथरुणावर आठवलं,
डोळा राहिला.

पायांत चप्पल न घालता अंगणापर्यंत गेले,
परत आले. आता काय उपयोग,
भिंत केव्हाच मिटली असणार.
एकतीस वर्षांत अशी चूक
कुणाची पोटात घातली होती मी?

सकाळी जाऊन बघते तर डोळा होता.
कुणा पोरानं खिळ्यानं टोकरलेला,
वाकडा, थोडा खाली,
जवळजवळ मानेवर.
सुकलेल्या कावेचे कपचे उडाले होते भोवती.
माझ्या कामावर
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हात चालवला होता,
आणि तोही चुकीच्या जागी.

कोंबी माझ्याकडे बघत होती
मानेतून.

पिशवीत खडूचा तुकडा होता, रांगोळीचा.
मी खाली बसले, गुडघे कुरकुरले,
आणि त्या डोळ्याखाली
एक, दोन, तीन, चार
ठिपके दिले.