डावं इंजिन

सोनेगावच्या हँगरात मे महिन्यात
पाने बादलीतल्या पाण्यात ठेवतो आम्ही,
नाहीतर हाताची साल पान्यालाच राहते.

ठवकर मास्तर स्टुलावर.
डावा कान गेलेला,
तीस वर्षं कुठल्या ना कुठल्या डाव्या इंजिनापाशी.
"काऊन बे, उजवं पुढं पळून राहिलं,
ऐकू नाही येत का तुले?"

मला नुसता आवाज. त्यांना त्यातली लाट:
हुं... हुं... हुं...
दोन पंख्यांचं जमत नसलं की पडते ती.
लिव्हर केसभर मागे घेतो,
लाट लांबते,
आणखी लांबते,
मग नसतेच.
मास्तर डोळे मिटतात.

पहाटे हे गडचिरोलीला जाणार.
औषधांची खोकी, एक डॉक्टरीण, तिचा डबा.
कॅप्टन शेवाळकर गुडघ्यावर कागद धरून
वजनाची बेरीज करते.
"दोन आहेत म्हणून लोकांना बरं वाटतं.
शेहेचाळीस अंशात एक गेलं, तर दुसरं
वर नेत नाही,
सावकाश खाली आणतं, एवढंच."
बेरीज पुन्हा करते.
दोन खोकी उतरवते,
डबा राहू देते.

मी काचेच्या बाटलीत निळं पेट्रोल धरतो
बल्बसमोर, तळाशी पाण्याचा थेंब शोधत.
आज नाही.

बाहेर मास्तरांची स्कूटर. किक मारायच्या आधी
उजवा कान विमानाकडे करून ते थांबतात.
निवणारं लोखंड टिकटिकतंय.
"डावं थोडं उशिरा निवते," म्हणतात,
"पहिलेपासून."