तीन वजा

सातपूरच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच:
खोटं बोलणारे काटे पकडायचे.
बॉयलरचे, कॉम्प्रेसरचे, गॅसच्या टाक्यांचे;
फडक्यात गुंडाळून येतात,
तापातली पोरं दवाखान्यात आणावीत तसे.
मी त्यांना खऱ्या दाबापुढे उभं करते,
चुकले तर किती चुकले ते लिहिते,
पिवळी चिठ्ठी डकवते, खाली सही: सु. वा. खैरनार.
बावीस वर्षं.

आणि स्वतःच्या गाडीची हवा
संक्रांतीनंतर बघितलेली नाही.
आता आखाड चालू आहे.

रविवारी साडेसहाला पाथर्डी फाट्यावरच्या पंपावर गेले.
पांडवलेणीचा डोंगर खांद्यापर्यंत ढगात.
गांगुर्डे नळी उलगडत म्हणाले,
"बरं केलं लवकर आल्या.
गाडी पळाली की हवा तापती,
तापली की फुगवून सांगती, माणसावानी."
मग बॉनेट उघडायला लावलं.
ऑइलची पट्टी पुसली, बुडवली, उजेडात धरली,
काही बोलले नाहीत.
बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली,
तिच्यावर चहाच्या किटलीतलं गरम पाणी ओतलं.
"किती माणसं बसणार?"

ड्रायव्हरच्या दाराआड एक चिठ्ठी आहे,
माझी नाही, कारखान्यातून आलेली.
तिच्यावर दोन चित्रं:
दोन माणसं, त्यांच्यापुढे तीस.
पाच माणसं आणि एक बॅग, त्यांच्यापुढे छत्तीस.
एकट्या माणसाचं चित्रच काढलेलं नाही.
"दोन धरा," मी म्हटलं.

पुढची डावी सव्वीस. उजवी सत्तावीस.
मागची डावी एकोणीस;
त्यांनी व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट टेकवलं,
बुडबुडा आला, फुटला, परत आला.
पिन बदलली, हवा भरली, तेहतीसवर थांबले.

पर्समधून मी माझा काटा काढला,
मे महिन्यातच तपासलेला.
लावला. बरोब्बर तीस.
"गांगुर्डे, तुमचा काटा तीन जास्त दाखवतो."
"ठाऊक हाये.
म्हणून तर तेहतीसला थांबलो."

म्हटलं, द्या माझ्याकडे, उद्या लॅबमधून नीट करून आणते.
त्यांनी काटा खिशात घातला,
वरून हात ठेवला.
"नको ताई. चौदा वर्षं झाली,
हाताला तीन वजा करायची सवय लागलीय.
काटा खरा झाला, तर मी खोटा पडंल."

यावर मला काही सुचेना.
गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवला.
पूर आला की अख्खं नाशिक त्याच्यावर पाणी वाचतं:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं.
मीटर कुणी विचारत नाही.
त्याला पिवळी चिठ्ठी डकवायची माझी छाती नाही.

"स्टेपनी बघू?"
दरवेळी मी नको म्हणते.
डिकी रिकामी कोण करणार?
आज केली.
दादाच्या अँजिओग्राफीची फाइल,
भाचीचे स्केटिंगचे बूट, एक नंबर लहान झालेले,
नाशिकरोड स्टेशनच्या पार्किंगच्या पावत्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या,
कुणाच्या तरी डोहाळजेवणाचं परत द्यायचं राहिलेलं ताट.
घरात मला लाडानं काय म्हणतात
ते गांगुर्डेंना माहीत असायचं कारण नाही.

सगळ्यात खाली ती. कोरी.
रबराचे बारीक केससुद्धा अजून गळलेले नाहीत.
काटा लावला.
"अकरा," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.
"हिच्यात दोन-तीन जास्तच भरायची असती, ताई.
पळणारीकडं लक्ष जातं. ही बसून बसून उतरती."

"भरा," मी म्हटलं.
"किती?"
"तुम्हाला वाटेल तितकी."

नळीचा आवाज बराच वेळ चालू राहिला.
माझा काटा पर्समध्येच होता,
तो मी काढला नाही.