त्रेचाळीस नंबरचा फलक

अटलांटाबाहेर, गालिच्यांच्या जुन्या गोदामात
आम्ही एक शहर उभं केलंय:
प्लायवूडचं न्यायालय, थर्माकोलचे दगडी खांब,
आणि एक चौक, जिथे आज मोर्चा अडवायचाय.
भाग सातवा. दृश्य एकतीस.

माझं काम फलक रंगवायचं.
साठ फलक, साठ हातांची अक्षरं.
चिडलेल्या माणसाचं अक्षर सुबक नसतं,
म्हणून मी डाव्या हातानं लिहितो.

मजकूर वकिलांकडून येतो.
'पोलीस' नको. राज्याचं नाव नको.
मेलेल्या पोराचं नाव तर नकोच नको,
त्याच्या आईची सही लागते.
तीन आठवडे कागद वर गेले, खाली आले,
आणि गाळून गाळून उरलं ते एवढं:
आता पुरे. ऐका. बदल हवा.
कशात, ते विचारायचं नाही.

नायिका आमची काळी आहे.
पंचवीस वर्षं या धंद्यात काढल्यावर
हे वाक्य मी सावकाश उच्चारतो.
पहिल्या दहा मिनिटांत मरणाऱ्या माझ्यासारख्यांच्या
थडग्यांवरची नावंसुद्धा मीच रंगवलीत.
हिनं केस विंचरायला आपली बाई मागितली,
भांडली, करारात लिहून घेतली.
माझी डेलफिन तशाच वेण्या घालून शाळेत जाते,
आरशासमोर मूठ आवळून उभी राहते.
हे थोडं नाही.
पुरेसं नाही, ठाऊक आहे मला,
पण थोडं नाही.

गर्दीतल्या माणसांत एक म्हातारी, व्हर्लीन टॉलिव्हर.
दिवसाचे एकशे साठ डॉलर आणि दोन वेळचं जेवण.
टोपीवाला पोरगा कर्णा खाली करून म्हणाला,
"बाई, जरा अजून राग दाखवा."
ती म्हणाली, "लेकरा, आम्हाला राग गिळायला शिकवलं होतं.
चर्चच्या तळघरात, तीन संध्याकाळ.
तोंडावर कुणी थुंकलं तर डोळे कुठे ठेवायचे,
ते."

पोरगा हसला. त्याला पुढचा शॉट घ्यायचा होता.

मग पाण्याचे बंब आले.
पाणी कोमट, नियमच आहे तसा,
शेजारी टॉवेल घेऊन परिचारिका उभी.
व्हर्लीनबाईंनी बोटं बुडवून पाहिली.
"बर्मिंगहॅमचं गार होतं," म्हणाल्या.
नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा.
बाकी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दृश्य असं: फवारा सुटतो, ती आकाशातून उतरते,
तळहात पुढे करते
आणि पाणी हवेतच थिजतं, काचेसारखं.
आकाश नंतर येणार होतं, संगणकातून.
तूर्तास काठीला बांधलेला टेनिसचा चेंडू.
सगळ्यांनी मान वर करून चेंडूकडे बघायचं,
तोंड किंचित उघडं.

एकोणसाठ माणसांनी बघितलं.
व्हर्लीनबाईंनी शेजारच्या कॉलेजच्या पोराचा दंड धरला
आणि त्याच्याकडे बघितलं,
उभा आहे ना, एवढंच.

कट.
पुन्हा. कट. पुन्हा.
पाचव्या वेळी त्यांना शेवटच्या रांगेत नेलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या.
"बारीक ब्रश आहे का रे?"
आपला फलक उलटा केला, चष्मा पुसला,
पाठीवर एक नाव लिहिलं.
उजव्या हातानं, सुबक.
मी वकिलांना कळवलं नाही.

भाग सातवा लागला तेव्हा डेलफिन सोफ्यावर उड्या मारत होती.
पाणी थिजलं तेव्हा तर किंचाळलीच.
मीही टाळी वाजवली, खोटं कशाला बोलू?
व्हर्लीनबाईंचं कोपर दिसलं. बहुतेक त्यांचंच.

आता नव्या पर्वाचा हुकूम आलाय:
पुठ्ठे महाग झालेत, जुने फलक पांढरे करा,
पुढून, मागून, दोन हात.
सकाळपासून बेचाळीस झाले.
त्रेचाळिसावा भिंतीशी उलटा उभा आहे.
नाव पाण्यानं फिसकटलंय,
पहिलं अक्षर कदाचित 'क', पुढचं लागत नाही.

ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळू दिला,
आणि चव्वेचाळिसावा उचलला.