सहावं संपादन

महापेच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर पेढे आले
म्हणजे आम्ही आणखी एक कंपनी घेतली.
ही ठाण्याची, वागळे इस्टेटमधली.
माणसं एकोणीस,
छापखान्याच्या वरचा एक गाळा,
आणि व्हायरस ओळखणारं इंजिन,
आमच्या इंजिनाच्या नाकाखालून गेलेलं
गुपचूप पकडून ठेवणारं.

तीन वर्षं आमच्या सेल्सवाल्यांनी त्यांना नावं ठेवली.
आता त्यांचं नाव पुसायचं काम माझ्याकडे.
पाच वेळा केलंय. हात बसलाय.
लोगो, लायसन्सचा मजकूर, कोपऱ्यातली हिरवी ढाल,
‘तुमचा संगणक सुरक्षित आहे’ याच्या खालची सही.
एका रात्रीचं अपडेट,
सकाळी घर तेच, पाटी वेगळी.

आज त्यांच्या कोडात एक टीप सापडली,
रोमन अक्षरांत, पण मराठी:
हे काढू नका. का चालतं माहीत नाही,
काढलं की सगळं झोपतं.
– केदारी, गौरी बसल्या त्या रात्री.

केदारी कोण, विचारलं.
एचआरनं यादी दोनदा खालीवर केली.
एकोणिसांत तो नव्हता.

घणसोलीला, घरी, बाबा कोलीम निवडत बसलेले.
बातमीतला शब्द मी तसाच वाचून दाखवला: संपादन.
त्यांची बोटं थांबली.
‘त्याना नोटीस आलती का?’
नाही बाबा, मालकांनी सह्या केल्या. राजीखुशीनं.
‘मंग साडेबारा टक्क्यांचा काय?’
शेअर देतात, म्हटलं. चार वर्षांत, थोडे थोडे.
‘आमाला पन थोरा थोराच,’
म्हणाले, आणि परातीतला एक शिंपला
उचलून बाजूला ठेवला.

आमचं भात व्हायचं तिथे आता सेक्टर आहे.
शेताला नाव होतं म्हणे, उंबरकोंड.
सेक्टरला नुसता आकडा.
नक्की कुठला बांध कुठे, ते
बाबांनाही आता दाखवता येत नाही;
एकदा बँकेच्या एटीएमसमोर उभे राहिले,
मग म्हणाले, नाय, जरा म्होरं.

रात्री साडेअकराला अपडेट सोडलं.
नऊ हजार ठिकाणी जुनं नाव गेलं.
केदारीची टीप मी राहू दिली.
वरिष्ठांनी विचारलंच तर सांगेन,
तांत्रिक कारण आहे.

सकाळी डब्यासोबत बाबांचा निरोप,
त्या ठाण्याच्या पोरांसाठी:
‘कागद जपून ठेवा म्हनावं.
पिशवी प्लास्टिकची घ्या.’