पाणी कुठं मुरतं

गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात
खोली नंबर नऊ, खिडकीला एका काचेच्या जागी पुठ्ठा.
सतरा वर्षं मी इथं
लोकांची लघवी तपासते.
सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात,
सून रक्ताच्या खात्यात आहे.

लोक बाटली आणतात
चोरीचा माल आणावा तशी.
रुमालात, पदराखाली, पोराच्या दप्तरात.
केरबा लटपटे तर क्वार्टरच्या बाटलीतच घेऊन आले.
"धुतलीय ताई, तीनदा."

पट्टी बुडवायची, साठ आकडे मोजायचे.
पिवळी राहिली तर जा बाबा, पुढच्या वर्षी ये.
हिरवट झाली तर
बसा जरा.

त्या दिवशी एसटी डेपोची तपासणी होती.
कालिंदा तिडके, कंडक्टर, वय बेचाळीस.
मी ओळखलं तिला. तिनं मला नाही.

आमच्या आप्पांना ती आठवड्यातून दोनदा न्यायची,
सहाच्या गाडीनं, अंबाजोगाईला, डायलिसिसला.
दाराजवळची सीट पिशवी टाकून राखायची
आणि येताना आप्पा खांद्यावर मान टाकून झोपलेले असले
की घंटीची दोरी
हळू ओढायची.

आप्पांचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.
तेव्हाही मी याच टेबलाशी बसत होते.
अख्ख्या तालुक्याची पट्टी बुडवली,
घरातली तेवढी राहिली.

तिच्या वेळी साठपर्यंत जावं लागलं नाही.
तिसालाच कोवळ्या हरभऱ्याचा रंग.

"मला कामून बसवलंय? काही दुखत नाही, खुपत नाही."

तेच तर, बाई.
दाढ ठणकली तर गाव जागं करते.
ही दोघं मात्र पाठीच्या कण्याला टेकून
रात्रंदिवस चाळत बसतात,
अर्धी चाळण बुजली तरी
हूं की चूं नाही.

पाणी किती पिता?
ती हसली. "पिऊन जाऊ कुठं?
परळीच्या स्टँडवर बायांच्या दाराला कडी नाही.
सकाळी चहा, मग घरी गेल्यावर तांब्याभर."
कंबर?
"तिला रोज दोन गोळ्या. किराणा दुकानात मिळतात.
तिकिटाच्या मशीनसंगंच ठेवते. ड्रायव्हरलाबी मीच देते."
बीपी?
"कोण बघतंय?"

पट्टा आवळला. वरचा एकशे अडुसष्ट.
घोट्याजवळ बोट दाबलं,
खड्डा पडला तो तसाच राहिला.
आमच्याकडं संशय आला की म्हणतात,
कुठंतरी पाणी मुरतंय.
टँकरपुढं हंडे रांगेत लावणाऱ्या या मुलखात
पाणी मुरलं ते
एका उभ्या बाईच्या पायात.

मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.
"तुमी आप्पांच्या...?"
हो.
बराच वेळ ती बोटानं टेबलावर
सुट्टे पैसे मोजल्यासारखं करत राहिली.
"मलाबी जावं लागंल का त्या गाडीनं?
बसून?"

आज आलात, म्हणून कदाचित नाही.
एवढंच म्हणता आलं. खोटं बोलायचं नव्हतं.
बाकी डॉक्टरांनी लिहिलं: रक्त तपासा,
बीपीची गोळी, एकही दिवस चुकवायची नाही.
दुखण्याच्या गोळ्या बंद.
लोणचं, पापड, वरून मीठ, हात आखडता.
तहान अंगावर काढायची नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना
पर्समध्ये चार रिकाम्या बाटल्या टाकल्या.
आई, भाऊ, नवरा, मी.
नवरा म्हणाला, मला काय धाड भरलीय?
मी म्हटलं, भर.

तीन महिन्यांनी कालिंदा आली.
बाटली उघड्या हातात,
सगळ्या रांगेदेखत टेबलावर ठेवली.
पट्टी पिवळी नव्हती झाली.
पण हिरवा उतरला होता,
उन्हाळ्यात काठ सोडत जाणाऱ्या गोदावरीसारखा,
फक्त इथं त्याचा आनंद.

"परळीच्या दाराला कडी बसवून घेतली," ती म्हणाली.
"डेपोत तीन अर्ज दिले. मग म्हटलं जाऊ दे,
पस्तीस रुपयाची तर कडी."

तिच्या मागं ड्रायव्हर उभा होता,
मान खाली घालून,
बाटली टोपीत लपवून.